बेलापूर–भंडारदरा, व्हाया मरिया

शनिवारी संध्याकाळी सत्यशीलाबाई ऑफिसातून घरी येत होत्या, तेव्हा कॉलनीच्या कोपऱ्यावर त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. आठ फूट बाय पाच फूट. आधारकार्डाच्या फोटोवरून मोठं केल्यामुळे चेहऱ्यावर नुकतंच काहीतरी चोरीला गेल्याचा भाव होता. खाली केशरी-हिरव्या अक्षरांत मजकूर होता : ‘बेलापूर ते भंडारदरा हे ११० कि.मी. अंतर सायकलवर यशस्वीरीत्या पार केल्याबद्दल सौ. सत्यशीलाताई मच्छिंद्र खर्डे यांचे हार्दिक अभिनंदन!’ उजव्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढी मरिया होती, आणि तिच्याखाली ‘मारीया सालवे (सहकारी)’.

सायकल राइड दुसऱ्या दिवशी होती.

घरात शिरल्या शिरल्या बाईंनी पर्स सोफ्यावर टाकली आणि नवऱ्याला विचारलं, “हे काय आहे?”

“आवडलं?” मच्छिंद्रराव म्हणाले. “चौकातून वळलं की थेट दिसतं.”

“अहो, पण राइड उद्या आहे!”

“उद्या फ्लेक्सवाल्याच्या मेहुण्याचं लग्न आहे. दुकान बुधवारपर्यंत बंद. म्हणजे फ्लेक्स लागणार गुरुवारी. गुरुवारी कोणी अभिनंदन करतं का?”

“आणि मी पोचलेच नाही तर?”

“का नाही पोचणार?” ज्या माणसाने दळण टाकायला गिरणीपर्यंत कधी स्कूटरशिवाय पाऊल उचललं नाही, तो माणूस हे म्हणाला. “तू फक्त पाय हलवायचे. बाकी सगळं मी केलंय.”

तर हे असं झालं होतं. पण मुळात दोष मच्छिंद्ररावांचा नव्हता, मरियाचा होता.

मरिया साळवे ही सत्यशीलाबाईंची बालमैत्रीण. पहिलीपासून दहावीपर्यंत दोघी एका बाकावर. पुढे ही पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक झाली आणि ती दवाखान्यात सिस्टर. तीस वर्षं माणसांना सुया टोचून मरियाच्या बोलण्यात एक हुकूम आला होता, ‘इकडे बघा, तिकडे बघा, झालं’ अशा पद्धतीचा. नाताळच्या फराळाचं ताट घेऊन ती आली तेव्हा करंज्यांच्या खाली एक छापील फॉर्म होता.

“दोन्ही नावं भरलीत,” ती म्हणाली. “तू फक्त सही कर.”

सत्यशीलाबाईंनी वाचलं आणि करंजी तोंडाशी तशीच राहिली. “मरिया, मी पंचावन्न वर्षांची आहे.”

“मीपण.”

“मला जिना चढताना धाप लागते.”

“म्हणूनच. आणि सव्वीस वर्षं तू त्या भंडारदऱ्याचं पाणी कागदावर वाटतेस. या चारीला इतकं, त्या चारीला तितकं. धरण कधी बघितलंस का?”

बाईंनी बघितलं नव्हतं. एकदा ऑफिसची सहल ठरली होती, ती निवडणुकीच्या ड्युटीत वाहून गेली. दुसऱ्यांदा ठरली तेव्हा मुलीला, राजनंदिनीला, कांजिण्या आल्या. धरण काय, कुठे जाणार आहे, या विश्वासावर सव्वीस वर्षं निघून गेली होती. बाईंनी सही केली. सुई टोचून झाल्यावरच कळतं, अशी मरियाची पद्धत होती.

राजनंदिनीची कॉलेजातली सायकल माळ्यावरून खाली आली. तिला पुढे बास्केट होती आणि बास्केटमध्ये कुठल्यातरी दिवाळीचा आकाशकंदील. मरियाने मुलाची, जोशुआची, सायकल घेतली. तिला एकवीस गिअर होते. मरियाने त्यातला एक निवडला आणि त्याच्याशी शेवटपर्यंत एकनिष्ठ राहिली.

रोज पहाटे कालव्याच्या कडेने सराव सुरू झाला आणि कॉलनीला काम मिळालं. कॉलनीत सायकल कोणाकडेच नव्हती, पण सल्ला प्रत्येकाकडे होता. कोणी म्हणे चढावर श्वास धरून ठेवायचा, कोणी म्हणे सोडून द्यायचा. निवृत्त मुख्याध्यापकांनी टायरमधल्या हवेवर अर्धा तास समजावून सांगितलं आणि शेवटी विचारलं, “पण एस.टी. जाते ना तिकडे?” शेजारच्या बायडाबाईंनी तर प्रकरण स्वतःच्या हातात घेतलं. येरंडेलाची बाटली घेऊन त्या रोज दारात उभ्या.

“गुडघ्याला लाव. लई चोळू नको, जिरू दे. माझी नणंद अशीच चालली हुती कुठंतरी, गुडघं धरलं ते धरलंच.”

“सायकलवर चालल्या होत्या?”

“न्हाई गं, लग्नाला. पन गुडघं ते गुडघंच की.”

पुढे फॉर्मबरोबर आलेली, आत गादी शिवलेली चड्डी प्रकाशात आली. ही पंजाबी ड्रेसच्या आत घालायची होती. बाईंनी ती धुऊन गच्चीवर साडीच्या पदराआड वाळत घातली, तरी बायडाबाईंनी हेरलीच. लांबवर धरून, उलटसुलट करून त्यांनी ती न्याहाळली आणि गंभीरपणे म्हणाल्या, “कुनाला झालं बाळ?”

हे सगळं सोसता आलं असतं, पण बाई सरकारी नोकरीत होत्या. सरकारी माणसाला सुट्टीच्या दिवशीही मुख्यालय सोडायचं तर परवानगी लागते. ती कोणी घेत नाही, ही गोष्ट वेगळी. पण ‘परवानगी घेत नाहीत’ असे शेरे इतरांच्या कागदांवर स्वतःच लिहिणाऱ्या बाईला तशी सोय नसते. त्यांनी अर्ज लिहिला. आवक टेबलावर तो त्यांनीच घेतला आणि शिक्का मारला. मग खुर्ची बदलून त्यावर टिपणी लिहिली : ‘अर्जदार या कार्यालयात वरिष्ठ लिपिक असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे. मान्यतेस्तव सादर.’

दोन दिवसांनी साहेबांचा शेरा आला. ‘प्रवासाचे साधन सायकल असे नमूद. सायकल स्वतःची की कसे? रब्बीच्या पाण्याचे आवर्तन चालू असताना परतण्यास विलंब झाल्यास पर्यायी व्यवस्था काय? खुलासा व्हावा.’ खुलासाही अर्थातच बाईंनीच लिहिला. सायकल मुलीची, मुलगी स्वतःची. पर्यायी व्यवस्थेपुढे बराच विचार करून त्यांनी ‘पती’ असं लिहिलं. अर्ज मंजूर झाला तेव्हा, आपण कोणावर तरी उपकार केले की कोणी आपल्यावर केले, हे त्यांना नीटसं कळेना.

मग डॉक्टरांचा दाखला. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, छाती तपासली, जीभ बघितली आणि पेन उघडून थांबले. “‘दीर्घ अंतर सायकल चालवण्यास सक्षम’ असं लिहायचंय. मी पाहिल्याशिवाय सही कशी करू?” त्यामुळे दवाखान्याच्या अंगणात बाईंनी सायकलवर तीन फेऱ्या मारल्या. बाकावरच्या पेशंटांनी टाळ्या वाजवल्या. सलाइन लावलेला एक गृहस्थ बाटली हातात धरून खिडकीशी येऊन बघून गेला. दाखल्यावर डॉक्टरांनी लिहिलं, ‘प्रत्यक्ष पाहिले.’

आणि आता फ्लेक्स.

रविवारी पहाटे साडेपाचला बेलापूरच्या स्टँडवर थंडीत चाळीसेक माणसं पोपटी जर्सी घालून उड्या मारत होती. जर्सी एकाच मापाच्या आल्या होत्या, तगड्या पुरुषाच्या. बाईंची जर्सी गुडघ्यापर्यंत आली आणि त्यांना थोडं हायसं वाटलं. राइडचा म्होरक्या रविराज नावाचा तरुण होता. त्याची व्यायामशाळा होती आणि त्याच्या पोटऱ्या वेगळ्या दाखवाव्यात अशा होत्या. “संध्याकाळी पाचच्या आत शेंडीला, धरणाच्या गावात, पोचायचं. दमायचं नाही, एन्जॉय करायचं!” तो भोंग्यावरून ओरडला. त्याच्या मागे एक टेम्पो उभा होता. टेम्पोचा ड्रायव्हर कल्याण खिडकीतून मान काढून हळूच म्हणाला, “ताई, दमलं का हात करा. बसवून घेतो. लाजायचं न्हाई.”

त्याच्या शेजारच्या सीटवर घडी घातलेली चादर होती. बाईंनी ती पाहून ठेवली.

कोल्हारपर्यंत चांगलं चाललं. म्हणजे बाकीचे दिसेनासे झाले, पण त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. कोल्हारच्या पुढे मात्र बाईंच्या कंबरेने, दोन्ही गुडघ्यांनी आणि त्या गादीच्या चड्डीने एकमुखाने ठराव केला की आता पुरे. मागे टेम्पो घुरघुरत येतच होता. नुसता हात करायचा. पण हात करायला गेलं की डोळ्यांपुढे आठ बाय पाचचं तोंड यायचं. उद्या सकाळी दूध आणायला त्याच्याखालून जायचं होतं.

तेव्हा बाईंना एक विचार सुचला, आणि तो फार उदात्त वाटला. मरिया थांबली तर? मग आपण थांबणं हे हरणं नव्हे, तो त्याग. ‘मैत्रिणीला एकटी कशी सोडू?’ हे वाक्य त्यांनी तिथल्या तिथे तयार करून ठेवलं आणि सायकल मरियाच्या बरोबरीला आणली.

“मरिया, तुझा चेहरा उतरलाय.”

“माझा? नाही गं. तुझाच श्वास वाजतोय.”

“तुला झेपत नसेल तर सांग हं. माझी अजिबात हरकत नाही.”

“मला झेपतंय. तुझ्यासाठी थांबायचं असलं तर बोल. तुझ्यासाठी मी कधीही थांबेन.”

“माझ्यासाठी नको.”

“मग माझ्यासाठी पण नको.”

एवढं सौजन्य दोघींनी जवळजवळ पन्नास वर्षांच्या मैत्रीत कधी दाखवलं नव्हतं. दोघी पॅडल मारत राहिल्या.

उसाचा हंगाम होता. रस्ताभर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेने चालले होते. अशाच एका ट्रॉलीच्या मागे बाई लागल्या आणि त्यांना शोध लागला की तिच्या आडोशाला वारा लागत नाही. वेगही आपल्याला पेलणारा. वर पाचटाची सळसळ, मधूनच उसाचं एखादं टिपरू रस्त्यावर पडायचं. बाईंनी मान खाली घातली, मरियाने बाईंच्या मागच्या चाकावर नजर ठेवली आणि दोघींचा प्रवास इतका सुखाचा झाला की ट्रॉली डावीकडे वळली तेव्हा दोघीही तिच्याबरोबर डावीकडे वळल्या.

ट्रॅक्टर थांबला तेव्हा त्यांनी मान वर केली. समोर साखर कारखान्याचं फाटक, पुढे नऊ ट्रॅक्टर, मागे सहा. वजनकाट्याच्या खोलीतून एक माणूस वही घेऊन आला. पोपटी जर्सीतल्या दोन बायकांकडे त्याने बराच वेळ पाहिलं.

“गट नंबर?” त्याने विचारलं.

“आम्ही ऊस नाही आणलेला,” बाई म्हणाल्या.

“ते दिसतंय. पण नोंद केल्याशिवाय रांगेतून बाहेर सोडत नाहीत.”

“दादा, आम्ही भंडारदऱ्याला चाललोय,” मरियाने सांगितलं.

“मग इकडं कशाला आलात?” हा प्रश्न अगदी वाजवी होता. शेवटी त्याने वहीच्या समासात ‘दोन सायकली, रिकाम्या’ असं काहीतरी लिहिलं आणि दोघींना चिंचोळ्या जागेतून मागे वळवलं. येण्याजाण्यात पाच किलोमीटर फुकट गेले. बाईंना वाटलं, आता तरी मरिया चिडून सोडेल. मरियाला काय वाटलं ते मागाहून कळलं.

मच्छिंद्रराव दर अर्ध्या तासाने फोन करत होते आणि उत्तर ऐकून कॉलनीच्या ग्रुपवर टाकत होते. “कुठे?” “लोणीच्या पुढे.” “अजून? मी संगमनेर टाकून बसलोय!” मग बाईंना नवऱ्याच्या मेसेजपर्यंत पोचण्यासाठी जोरात पॅडल मारावं लागायचं.

संगमनेरला नाश्त्याची सोय होती. दोघी पोचल्या तेव्हा टेबलाखाली केळीच्या सालींचा ढीग होता आणि टेबलावर एक केळं. मरियाने ते सोलून अर्धं केलं. मोठं अर्धं बाईंना दिलं. बाईंना उगाच भरून आलं आणि मनातल्या मनात त्या ओशाळल्या, कारण या बाईचं अवसान गळावं म्हणून आपण लोणीपासून देवाची आळवणी करत होतो. पण ओशाळेपण अकोल्यापर्यंतच टिकलं. अकोल्याच्या पुढे रस्ता वर बघायला लागला.

विठा घाट मोटारीतून फार मोठा नाही. मोटारीतल्या माणसाला तो घाट आहे हे सांगावं लागतं. पण दीड वाजताच्या उन्हात, ऐंशी किलोमीटर अंगावर घेऊन, आकाशकंदिलाच्या सायकलवर तो वेगळा दिसतो. पहिल्या वळणावर बाई उतरल्या. त्याच क्षणी मरियाही उतरली, जणू दोघींना एकच नाडी बांधली होती. दोघी सायकली ढकलत निघाल्या. दहा पावलं चालायचं, थांबायचं, दरीकडे बघून ‘काय छान आहे’ म्हणायचं, आणि श्वास गोळा करायचा.

मागून टेम्पो आला. मागच्या हौद्यात सात सायकली आणि सायकलींच्या मधून सहा-सात पोपटी तरुण कसेबसे खोचलेले होते. पहाटे याच तरुणांनी सगळ्यात उंच उड्या मारल्या होत्या. कल्याणने ब्रेक दाबला.

“ताई, माझ्याशेजारी एकच शीट हाय बगा. सायकल टपावर बांधतो. या एकजनी.”

चादरीची ती सीट. दोन हातांवर. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग मरियाकडे.

“तू बस, मरिया.”

“मी कशाला? तू बस. चेहरा बघ तुझा, बिटासारखा झालाय.”

“माझा चेहरा असाच असतो.”

“शाळेपासून बघतेय मी. असा नसतो.”

“मी म्हणते ना, बस! मी येते मागून हळूहळू.”

“एकटी? घाटात? आणि मी चादरीवर बसून जाऊ? शीले, मला काय समजतेस तू?”

“आवं, कुनीतरी एकजन बसा,” कल्याण काकुळतीला आला. “गाडी गरम व्हती इथं.”

“तिला बसवा,” दोघी एकदम म्हणाल्या.

हा वाद किती वेळ चालला असता सांगता येत नाही. दोघींचा आवाज आता मैत्रीच्या पट्टीतून बराच वर गेला होता, इयत्ता सातवीतल्या कंपासपेटीचा विषयही निघाला. तेवढ्यात वरच्या वळणावरून किंकाळी ऐकू आली. पाहतात तो रविराज रस्त्याच्या कडेला आडवा. मागे राहिलेल्या ताईंना उत्साह द्यायला म्हणून तो अर्धा घाट उतरून खाली आला होता, आणि त्याच्या त्या वेगळ्या दाखवण्याजोग्या पोटरीत गोळा आला होता.

मरियाने सायकल टाकली आणि पाच मिनिटांपूर्वी जिला पाऊल उचलत नव्हतं ती बाई चढावर धावत गेली.

“पाय सरळ कर. सरळ! अंगठा माझ्याकडे. ओरडू नको, एवढा मोठा घोडा झालास.”

“आई गं, सिस्टर…”

“मीठ-साखरेचं पाणी घेतलंस का? नाही ना? दुसऱ्यांना सांगत फिरतोस. शीले, बाटली दे तुझी.”

पोटरी सैल झाली, पण रविराजला उभं राहता येईना. दोघींनी त्याला काखेत धरून टेम्पोपर्यंत आणला आणि चादरीच्या सीटवर बसवला. दार लागलं. टेम्पो निघाला. खिडकीतून रविराजने सवयीने मूठ वर केली आणि क्षीण आवाजात म्हणाला, “एन्जॉय करा, ताई.”

टेम्पो वळणाआड गेला. दोघी बराच वेळ त्या वळणाकडे बघत उभ्या राहिल्या.

“गेली सीट,” मरिया म्हणाली.

तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की बाईंनी वळून तिच्याकडे पाहिलं. “मरिया, खरं सांग. तुला कधीपासून थांबायचं होतं?”

मरिया कठड्यावर बसली. “बेलापूरच्या पुलापासून.”

“पुलापासून! तो तर निघाल्या निघाल्या आला!”

“तिथेच मांडी भरली माझी. तुला कधीपासून?”

“कोल्हार,” बाईंनी कबूल केलं. “मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? तुझा एवढा मोठा फ्लेक्स लागलेला. मी थांबले असते तर तूही थांबली असतीस, मग तुझी कॉलनीत शोभा. आणि तुला ते धरण बघायचं होतं ना.”

“मला? मला कुठे बघायचं होतं? तूच म्हणालीस मला बघायचंय म्हणून!”

मरियाला हसू फुटलं. बाई आधी चिडायच्या बेतात होत्या, पण ते जमेना. दोघी कठड्यावर बसून हसत सुटल्या. पोटात दुखेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. समोरून आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरने गाडी हळू करून विचारलं, “मावशी, काही झालंय का?” तेव्हा मरियाने हाताने ‘जा, जा’ केलं, कारण तोंडातून शब्द निघत नव्हता.

त्यानंतरचा घाट तेवढाच होता, पण वेगळा लागला. आता कोणी कोणावर लक्ष ठेवून नव्हतं. दम लागला की बाई सरळ म्हणायच्या, “मेले,” आणि मरिया म्हणायची, “मीपण,” आणि दोघी थांबायच्या. गुडघ्यांना, कंबरेला, गादीच्या चड्डीला मोठ्याने नावं ठेवत त्या वर आल्या. राजूरला पेढ्यांच्या दुकानापुढे सायकली लावल्या आणि पाव किलो पेढे उभ्या उभ्या संपवले. आणखी पाव किलो बास्केटमध्ये टाकले. बायडाबाईंच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा गुडघ्यांना ते जास्त मानवले.

चार वाजून दहा मिनिटांनी दोघी शेंडीत शिरल्या. सत्तावीस जण आधीच पोचले होते, बाकीचे टेम्पोने. कोणीतरी ओरडलं, “आल्या! ताई आल्या!” आणि सगळे टाळ्या वाजवत रस्त्यात आले. रेषा ओलांडली तरी बाईंचे पाय गोल फिरतच होते, शेवटी मरियाने त्यांचं हँडल धरून थांबवलं. सायकलवरून उतरल्यावर जमीन जागच्या जागी आहे याचं त्यांना नवल वाटलं. मग लक्षात आलं की झालं. खरंच झालं. कॉलनीच्या कोपऱ्यावरचा शब्द न् शब्द आता खरा आहे, या विचाराने त्या मटकन फरशीवर बसल्या.

एका पायावर उभ्या असलेल्या रविराजने पदकं घातली आणि भोंगा मरियाच्या हातात दिला. “सिस्टर, आमच्या तरुणांना सांगा. एवढ्या चढावर तुम्ही हार मानली नाही. कशामुळे?”

“टेम्पो भरला होता,” मरिया म्हणाली.

लोक पोट धरून हसले. काय नम्रता, असं एकजण म्हणाल्याचंही बाईंनी ऐकलं. मरिया त्यांना समजावून सांगायला निघाली होती, पण बाईंनी तिला जर्सीला धरून खाली बसवलं.

मग त्या एकट्याच हळूहळू धरणाकडे चालत गेल्या. फाइलीत भंडारदरा दोन रकान्यांत असायचं. इथे ते डोंगरांच्या पायथ्यापर्यंत गेलेलं होतं, निळं, गप्प, आणि कोणाच्याही मान्यतेची वाट न बघणारं. एवढं पाणी आपण त्या दोन रकान्यांत बसवत होतो, या कल्पनेने बाईंना थोडी भीती वाटली आणि बरंचसं बरंही वाटलं. सोमवारी यातलंच थोडं बेलापूरला येणार होतं. त्यांनी कठड्यावर हात ठेवला, मरियाला हाक मारली, आणि दोघी उरलेले पेढे खात उभ्या राहिल्या.

मच्छिंद्रराव मेहुण्याची पिकअप घेऊन आले. बायकोला पाहून त्यांनी आधी सायकलींच्या चाकांतली हवा तपासली. “मला माहीत होतं तू पोचशील,” ते शेवटी म्हणाले. सकाळपासून ते घरात एका जागी बसले नव्हते, हे राजनंदिनीने फोनवर आधीच सांगितलं होतं. बाईंनी त्यांच्या हातावर शेवटचा पेढा ठेवला.

सायकली मागे बांधल्या. दोघी पुढच्या मऊ सीटवर टेकल्या आणि दोघींनी एकाच वेळी ‘अहाहा’ केलं. राजूर मागे पडलं. मच्छिंद्रराव कॉलनीतल्या सत्काराचं काहीतरी सांगत होते. बाईंचे डोळे मिटत आले होते. एवढ्यात मरिया ताठ बसली.

“शीले!”

“काय झालं?”

“घाट आला. आता उतार आहे.”

“मग?”

“मग काय मग? जीव काढून चढवला तो आपण, आणि उतार गाडीतून जायचा?”

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, “गाडी थांबवा.”

“कशाला? काही राहिलं का?”

“थांबवा म्हणते ना!”

मच्छिंद्ररावांनी काही न कळून दोर सोडले, सायकली खाली उतरवल्या. ऊन कलून डोंगरांवर पिवळं झालं होतं आणि रस्ता मोकळा होता. बाईंनी गुडघ्यापर्यंतची जर्सी आवरली, टाच उचलली, आणि सायकल आपली आपण निघाली. आधी हळू, मग वाऱ्याचा आवाज येईल इतकी. पुढे मरिया होती, तिचे एकवीस गिअर नुसते किरकिरत होते आणि ती लहान मुलीसारखी ओरडत होती. एका वळणावर दोघींनी दुधाच्या कॅना लावलेली मोटारसायकल मागे टाकली. “आवं मावशी, हळू!” दूधवाला मागून म्हणाला. त्याच्याही मागे मच्छिंद्रराव पिकअप घेऊन येत होते, आणि जन्मात पहिल्यांदा मागेच राहत होते.

सत्यशीलाबाईंनी ब्रेकवर दोन बोटं ठेवली, पण दाबली नाहीत. पाय पॅडलवर नुसते टेकले होते. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना काहीच करायचं नव्हतं.